तुटक रेघा

गिरजापुरात कुणी "किती लांब आहे?" असं विचारलं, की महापालिकेच्या नकाशा शाखेतली माणसं उलट विचारत, "कावळ्याला की माणसाला?" हा विनोद त्याच शाखेतल्या चारुशीला पगारनंच कधीतरी केला होता आणि आता तो सगळ्या शहराचा झाला होता. कावळ्याचं गिरजापूर लहानच राहिलं होतं. माणसाचं मात्र दर वर्षी लांबत चाललं होतं.

दूर कशाला, चारुशीलाच्या घरचंच घ्या. मेघमल्हार सोसायटीत पहिल्या मजल्यावर तिचं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सोसायटीची मागची भिंत दिसे आणि भिंतीपलीकडे चिंचदऱ्याचं जुनं गावठाण. गावठाणातलं पहिलंच घर दगाअण्णा बोरशांचं. अण्णांच्या गच्चीवर आज कुरडया वाळताहेत की गोधड्या, हे चारुशीलाला चहाला उकळी येईपर्यंत समजे. पण त्यांच्या दारात जायचं तर सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडा, रिंग रोडला लागा, उड्डाणपुलाखालून वळा आणि आणखी तीन सोसायट्यांच्या भिंती उजव्या हाताला ठेवत जा. चार किलोमीटर आठशे मीटर. एकोणीस वर्षांत ती दोनदा गेली होती, आणि दोन्ही वेळा त्या घरात कुणीतरी वारलं होतं म्हणून.

एके काळी हे दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत. विचारणाऱ्याला चारुशीला सांगे, काय करणार, मध्ये भिंत आहे ना. खरं तर ती भिंत तिच्या सोयीची होती. हे मात्र तिनं स्वतःशीसुद्धा कधी नीट कबूल केलं नव्हतं.

२०४१च्या जानेवारीत डॉ. निलोफर मोमीन आपलं यंत्र घेऊन महापालिकेत आली. चौतिशीची, बोलायला चटपटीत, जुन्या पेठेतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. परदेशात शिकून परत आपल्याच गावात काम करायला आली, म्हणून तिच्याबद्दल निम्म्या लोकांना कौतुक होतं आणि निम्म्यांना संशय.

पहिल्याच बैठकीत तिनं भिंतीवर तीन नकाशे लावले. पन्नास वर्षांपूर्वीचं गिरजापूर, पंचवीस वर्षांपूर्वीचं आणि आजचं.

"शहर वाढलं म्हणजे रस्ते वाढले, असं आपण समजतो," ती म्हणाली. "लांबी वाढली हे खरं. पाचपट वाढली. पण रस्ता एकटा काही कामाचा नसतो. तो दुसऱ्या रस्त्याला मिळाला तर उपयोग. आमच्या पेठेत शंभर पावलं चाललात की चार वाटा फुटतात. एक बंद असली तर दुसरीनं जा. आता हे पश्चिमेचं नवं शहर बघा. इथं रस्त्यांची शंभर टोकं मोजली तर बेचाळीस नुसती भिंतीला जाऊन थडकतात."

मग तिनं एक साधा भागाकार सांगितला. दोन ठिकाणांमधलं माणसाचं अंतर भागिले कावळ्याचं अंतर. या आकड्याला तिनं नाव दिलं होतं 'वळसा'. पेठेत वळसा सव्वा. म्हणजे कावळा शंभर मीटर उडाला तर माणूस सव्वाशे चालतो. पश्चिमेला सरासरी वळसा चार. काही ठिकाणी वीस, चाळीस, ऐंशीसुद्धा.

"यात वाईट हेतू कुणाचाच नाही," ती म्हणाली. "प्रत्येक वसाहत आतून नीटच बांधलेली आहे. झाडं आहेत, दिवे आहेत. पण प्रत्येकीला एकच फाटक. ज्यानं-त्यानं आपल्या प्लॉटपुरतं जग आखलं. शेजारच्या जगाला दार ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वीस वर्षांत रुग्णवाहिकेचा वेळ दुप्पट झालाय. मुलं शाळेत चालत जायची थांबलीत. म्हातारी माणसं तर घराबाहेर पडायचीच थांबलीत."

आयुक्तांनी मान हलवली. हे त्यांना ठाऊक होतं. एखादी भिंत फोडून पायवाट काढायची म्हटलं, की सोसायटी वकील उभा करी आणि वकील एकच वाक्य बोले, "नकाशात इथं रस्ता नाही." महापालिका हरे. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी राज्यात वहिवाटीचा नवा कायदा आला होता. एखाद्या जागेतून पूर्वापार वाट होती असं सिद्ध झालं, तर ती पायी चालणाऱ्यांसाठी परत उघडता येत होती. त्यासाठी दोन साक्षी लागत. एक, जमिनीची. दुसरी, नकाशाची किंवा नकाशा करणाऱ्या माणसाची.

जमिनीची साक्ष काढायला निलोफर आली होती.

तिचं यंत्र दिसायला चार पुडांच्या जेवणाच्या डब्याएवढं होतं. एका बाईंनी खरोखरच विचारलं, यात काय भाजी आहे. निलोफर हसली आणि तिनं झाकणावर हात ठेवला.

"माती म्हणजे निम्मी माती आणि निम्मी पोकळी," ती सांगू लागली. "माणूस चालला की पोकळी दबते. एकदाच चालला तर दोन-चार पावसांत भरून निघते. काळी माती तर उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते, ती काही लक्षात ठेवणार नाही अशी आमची खात्रीच होती. पण दोन-तीनशे वर्षं रोज त्याच जागी पावलं पडली तर खालचा मुरूमही दबतो. आणि दबलेला मुरूम पुन्हा फुगत नाही. तिथली जमीन किंचित जड होते. जड जमीन वस्तूला किंचित जास्त जोरानं ओढते. या डब्यात थोडेसे अणू आहेत. ते आम्ही इतके गार करतो की याहून गार काही असूच शकत नाही, आणि मग खाली सोडतो. जड जमिनीवर ते त्याच वेळात केसाच्या जाडीच्या लाखाव्या भागाएवढे जास्त खाली पडतात. तेवढं मोजायचं. बस."

"आणि वर काँक्रीट असेल तर?" आयुक्तांनी विचारलं.

"वर सोळा मजले असले तरी चालतील. गुरुत्वाकर्षणाला भिंत लागत नाही, साहेब."

फेब्रुवारीत वीस दिवस साठ ड्रोन पश्चिम गिरजापुरावरून सकाळी सकाळी घिरट्या घालत होते. लोकांनी तक्रारी केल्या, मुलांनी हात केले, कबुतरं वैतागली. आणि एका मंगळवारी अकरा वाजता सभागृहाचे पडदे ओढून सगळे बसले.

पडद्यावर आधी नुसतं काळं होतं. निलोफरनं आजच्या इमारतींचं वजन वजा केलं. मग पुलांचं, पाइपांचं, टाक्यांचं. आणि त्या काळ्यातून एक बारीक पांढरी रेघ वर आली. मग दुसरी. मग पंधरा, पन्नास, आणि मग कुणी मोजायच्या भानगडीतच पडलं नाही. धिरड्याला जाळी पडावी तशी सगळ्या पश्चिम शहराखाली जाळी पडली होती. मॉलखाली, बंगल्यांखाली, पोहण्याच्या तलावाखाली. विहिरीकडून गावाकडे, गावाकडून दर्ग्याकडे, खळ्याकडून नदीच्या उताराकडे. त्या सगळ्या जाळीत एकही रेघ अधांतरी संपत नव्हती.

शिपायानं चहा आणून ठेवला होता, त्याला कुणी हात लावला नाही.

"मी एक प्रयोग केला," निलोफर हळू आवाजात म्हणाली. "संगणकाला एवढ्या विहिरी, एवढी गावं आणि हा नदीचा उतार दिला, आणि सांगितलं, कमीत कमी चालावं लागेल आणि कमीत कमी जमीन जाईल अशी वाटांची जाळी काढ. त्याला सहा तास लागले." तिनं हिरव्या रेघांचं दुसरं चित्र आधीच्या चित्रावर ठेवलं. हिरव्याखाली पांढरं जवळजवळ दिसेनासंच झालं. "फरक आहे, पण थोडासाच. हे कुणी आखलेलं नाही. डोक्यावर पाटी असलेल्या बायकांच्या पायांनी हे गणित सोडवलंय. त्यांनाही ते माहीत नव्हतं."

चारुशीलाला भरून आलं. अठ्ठावीस वर्षं ती रेघांमध्येच जगली होती. आपण आखतो म्हणून रेघा असतात, असंच तिला वाटत आलं होतं.

"आता नदीकाठ बघा," निलोफर म्हणाली. "इथं पुरानं दर वर्षी थोडा थोडा गाळ चढवलाय. म्हणून इथल्या वाटा थरावर थर आहेत. खाली जाऊ तसं जुनं."

ती खाली खाली जात राहिली. दोनशे वर्षं. पाचशे. रेघा विरळ झाल्या. दोन हजार वर्षांवर सातच उरल्या. पाच हजारांवर तीन. आणि सगळ्यांत खाली एकच राहिली, डोंगराच्या खिंडीतून नागमोडी येत नदीच्या उतारावर उतरणारी.

"ही किती जुनी?" कुणीतरी विचारलं.

"गाळाच्या हिशेबानं अकरा हजार वर्षं."

"तेव्हा इथं गावं होती?"

"नव्हती. शेतीसुद्धा नव्हती. ही आधी जनावरांनी पाडली. पाण्याला जाणाऱ्या कळपांनी. मग त्यांच्या मागून माणसं आली आणि त्याच रेघेवरून चालत राहिली. पायवाट झाली, गाडीवाट झाली. अगदी परवापरवापर्यंत लोक हिच्यावरून चालत होते."

"परवापर्यंत म्हणजे?"

निलोफरनं आजचं शहर परत वर आणलं. ती रेघ चिंचदऱ्याच्या गावठाणातून निघाली, एका भिंतीला भिडली आणि भिंतीपलीकडे तशीच पुढे गेली. भिंत मेघमल्हार सोसायटीची होती. चारुशीलाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालची.

"आणि हा सगळ्या पश्चिमेचा मर्मबिंदू आहे," निलोफर म्हणाली. "या भिंतीत चार फुटांचं एक दार पाडलं तर काय होतं बघा." तिनं बोट ठेवलं. त्या ठिपक्यापासून लाल रस्ते हिरवे होऊ लागले. शेजारच्या वसाहती, त्यापलीकडच्या, थेट बाजारापर्यंत. वेणीतली एक गाठ सुटली की कंगवा सरळ शेवटपर्यंत जावा, तसं. "एकतीस हजार माणसांचा रोजचा वळसा निम्म्यावर येतो. चार फुटांत."

बैठक संपली. निलोफर चारुशीलाच्या टेबलाशी आली. "मॅडम, एक गोष्ट मला कळत नाहीये. आजूबाजूच्या बावन्न गावांच्या डिजिटल नकाशात थोड्याफार पायवाटा आहेत. पण या पश्चिमेच्या अकरा गावांत एकही नाही. शून्य. असं कसं होईल?"

"बघावं लागेल," चारुशीला म्हणाली.

बघावं लागणार नव्हतं. ती अकरा गावं तिनंच केली होती.

ते २०१३ साल. तालुक्याच्या नकाशा कार्यालयात ती कंत्राटावर लागली होती, वय एकोणतीस. कागदावरचे गावनकाशे संगणकात चढवायचं काम. कागदावर शेतांच्या हद्दी अखंड रेघेनं, गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेघेनं दाखवलेली असे. पण जो प्रोग्राम दिला होता तो शेतांसाठी होता. शेत म्हणजे चारही बाजूंनी मिटलेलं. जी रेघ मिटत नाही ती चूक, एवढंच त्याला कळे. पायवाट मिटणार कशी? ती तर कुठूनतरी कुठंतरी जाते. प्रोग्राम तिला लाल रंगात दाखवी आणि खाली आकडा येई, त्रुटी बारा, त्रुटी सत्तावीस. महिन्याच्या बैठकीत हे आकडे मोठ्यानं वाचून दाखवत. बाकीचे ऑपरेटर त्या लाल रेघांशी झटत बसले. चारुशीलानं त्यातली युक्ती शोधली. 'ठिपके साफ करा' नावाचा एक आदेश होता, कागदावरची धूळ आणि शाईचे डाग पुसायला. तुटक रेघ म्हणजे प्रोग्रामच्या मते ठिपकेच. एका दाबात सगळ्या पायवाटा गेल्या. त्रुटी शून्य.

तपासनीस होते दगाअण्णा. तीस वर्षं हातानं नकाशे काढलेले. त्यांनी छापील प्रत उजेडात धरली होती. "चारूबाई, ठिपक्यांची रेघ कुठं गेली?"

"अण्णा, ती नंतर वेगळ्या थरात घेणार आहेत. आत्ता नको म्हणालेत."

म्हणाले होते की तिनंच तसं धरून चाललं होतं, हे आता तिलाही सांगता आलं नसतं. अण्णांनी तिच्या शब्दावर सही केली. जिल्ह्यातल्या पहिल्या 'शून्य त्रुटी' गावांचं प्रमाणपत्र चारुशीलाला मिळालं, पाठोपाठ महापालिकेत कायम नोकरीही. नंतरचा थर आलाच नाही. मूळ कागद वाळवीनं खाल्ले. तीन वर्षांनी लोक कचेरीत येऊ लागले, आमची वाट बंद केली म्हणून. चौकशी लागली ती तपासनिसाच्या नावानं. अण्णा निवृत्त झाले होते. त्यांच्या सेवापुस्तकात ताशेरे बसले, 'अक्षम्य हलगर्जी'. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. चारुशीला त्या आठवड्यात रजेवर होती. तिनं ती रजा वाढवून घेतली.

घरी आली तेव्हा अरविंदराव दिवाणखान्यात स्टुलावर उभे राहून भिंतीवरची त्या प्रमाणपत्राची चौकट काढत होते. अरविंदराव म्हणजे तिचे यजमान, बँकेतून निवृत्त, मेघमल्हारचे अध्यक्ष. पाच वर्षांपूर्वी मागची भिंत दोन फूट वाढवली ती त्यांच्याच कारकिर्दीत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"महापालिकेची नोटीस आलीय," ते म्हणाले. "गुरुवारी भिंतीपाशीच सुनावणी. जागेवर. म्हणे इथं वहिवाट होती."

"मग ते कशाला काढताय?"

"अगं, हाच तर आपला पुरावा. वकील म्हणाले, यंत्र काहीही दाखवू दे, नकाशात रस्ता नाही, आणि तो नकाशा शून्य त्रुटीचा आहे असं सरकारनंच लिहून दिलंय. तुझ्या नावानं. आपण जिंकलो म्हणून समज." त्यांनी काचेवरची धूळ बाहीनं पुसली. "इतकी वर्षं लटकत होतं, आता कामी येतंय."

चारुशीला स्वयंपाकघरात गेली. खिडकीबाहेर अण्णांच्या गच्चीवर कुरडयांचं धोतर वाऱ्यानं एका कोपऱ्यातून उडत होतं. तिला वाटलं, आत्ता अण्णा येतील आणि त्यावर दगड ठेवतील. ते आले. वाकायला त्यांना फार वेळ लागला.

रविवारी सकाळी ती चार किलोमीटर आठशे मीटर गेली.

अण्णा ओट्यावर हरभरे सोलत बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षं, अंगावर बंडी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी मान वर केली.

"ये ना बाई. उभी काय राहून राहिली? कोण गेलं?"

"कुणी नाही, अण्णा. तुम्हाला भेटायला आले."

"मग बस. सोलू लाग."

तिनं मूठभर घाटे उचलले. बरीच टरफलं पडल्यावर ती म्हणाली, "अण्णा, त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. वेगळा थर वगैरे. मीच बोलले होते."

"माहीत आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. तुझं तोंड बघून." त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. "पण तू लहान होती. नोकरी कच्ची. आणि सही माझी होती ना. मी काही आंधळा नव्हतो. मी म्हटलं, जाऊ दे, वाटा काय कागदावर चालतात का, माणसं चालतच राहतील. तिथं माझं चुकलं. कागदावरची गेली की जमिनीवरची जाते, हे मला म्हातारपणी कळलं."

ते शांतपणे बोलत होते, आणि त्या शांतपणाचाच तिला जास्त त्रास झाला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिनं पिशवीतून टॅब्लेट काढला आणि ती जाळी त्यांच्यापुढे धरली. यंत्राचं सगळं सांगितलं, गार केलेले अणू, दबलेला मुरूम. अण्णांनी चष्मा पुढे सरकवला. मग त्यांचं बोट एका रेघेवर आलं.

"हा बाभळीचा उतार," ते म्हणाले. "ही पवारांच्या विहिरीची वाट. इथं मोठा दगड होता, म्हणून बघ कशी वळली. आणि ही... ही आखाजीच्या सणाला सासरहून पोरी यायच्या ती. माझी बहीण हिच्यावरूनच यायची. लांबून गाणं ऐकू आलं की आई चूल पेटवायची." बोट रेघ सोडत नव्हतं. "मी शिकलो तेव्हा आमचे साहेब सांगायचे, हद्द विचारायची तर मालकाला विचार आणि वाट विचारायची तर पाणी भरणाऱ्या बाईला विचार. मी विचारून विचारून काढल्या होत्या गं एकेक. सगळ्या आहेत इथं. एक नाही सुटली."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"अण्णा, तुमच्या दारातून जाते ना, ती अकरा हजार वर्षांची आहे. आधी जनावरं चालायची म्हणे. पाण्याला."

"अकरा हजार." अण्णांनी अंगणाबाहेर बघितलं, जिथं वाट भिंतीला जाऊन संपत होती. "म्हणजे गायीगुरांच्याही आधीची. आणि आपण दोघांनी मिळून एका दिवसात पुसली."

निघताना ती म्हणाली, "गुरुवारी सुनावणी आहे. भिंतीच्या त्या बाजूला."

"मला नको सांगू काही," अण्णा म्हणाले. "तुझं अजून एक वर्ष राहिलंय नोकरीचं. घरात नवरा आहे. मी काय, मी इथं ओट्यावर असतो."

गुरुवारी सकाळी नऊ वाजता भिंतीपाशी खुर्च्या मांडल्या होत्या. सुनावणी अधिकारी एक करड्या केसांच्या बाई होत्या. निलोफर होती, सोसायटीचे तीसेक सभासद होते आणि पुढच्या खुर्चीवर चौकट मांडीवर घेऊन अरविंदराव होते. भिंत आठ फूट उंच. पलीकडून कुणीतरी खोकलं. चारुशीलानं तो खोकला ओळखला.

निलोफरनं आपलं चित्र दाखवलं. वकिलांनी ते कौतुकानं बघितलं आणि म्हणाले, "अद्भुत आहे. पण अकरा हजार वर्षांपूर्वीच्या हरणांना वहिवाटीचा हक्क देता येत नाही. अलीकडे वाट होती का, हे नकाशाच सांगेल. आणि हा नकाशा शून्य त्रुटीचा आहे." त्यांनी चौकट पुढे केली. "करणाऱ्या बाई इथं हजर आहेत. महापालिकेच्याच आहेत."

बाईंनी चारुशीलाकडे बघितलं. "पगार मॅडम, हा नकाशा तुम्ही केलात?"

"हो."

"तो बरोबर आहे?"

अरविंदराव वळून तिच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की तिला एक क्षण वाटलं, उठूच नये. मग भिंतीपलीकडे पुन्हा खोकला झाला.

ती उठली आणि मुद्दाम मोठ्यानं बोलली, आठ फुटांवरून पलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं. "नाही. कागदावर इथं एकेरी तुटक रेघ होती. म्हणजे पायवाट. ती मी पुसली. अकरा गावांतल्या सगळ्या पायवाटा मी पुसल्या, कारण प्रोग्राम त्यांना चूक म्हणत होता आणि मला शून्य हवं होतं. तपासनीस दगाजी बोरसे यांनी मला विचारलं होतं. मी त्यांना खोटं सांगितलं. त्यांच्यावर जे ताशेरे आहेत ते माझे आहेत. हे मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

सभासदांत कुजबुज झाली. अरविंदरावांनी चौकट मांडीवर पालथी घातली.

"याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?" बाईंनी विचारलं.

"माहीत आहेत."

पलीकडून आवाज आला, म्हातारा, पण स्वच्छ. "साहेब, लिहून घ्या. इथून नदीपर्यंत एकेरी तुटक. विहिरीपाशी फाटा. मी सांगतो पुढच्या." आणि दगाअण्णा भिंतीआडून गावाचा नकाशा तोंडपाठ सांगू लागले. बाई लिहून घेत राहिल्या. निलोफर आपल्या चित्रावर बोट फिरवत एकेक रेघ पडताळत होती आणि प्रत्येक वेळी नुसती मान हलवत होती. नंतर तिनं चारुशीलाला सांगितलं की आयुष्यात तिनं यंत्र आणि माणूस इतके एकमेकांना जुळताना पाहिले नव्हते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी गवंड्यानं भिंतीत चार फुटांचं दार पाडलं. त्याआधीचे नऊ दिवस अरविंदराव घरात बोलत नव्हते. दहाव्या दिवशी ते दळण घेऊन गुपचूप बाहेर पडले आणि अर्ध्या तासानं परत आले. "पलीकडे दगडी जात्याची गिरणी आहे," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "तू कधी सांगितलं नाहीस." चारुशीलाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. तिच्या विभागीय चौकशीचं पत्र त्याच दिवशी आलं होतं आणि ते त्यांनीच सही करून घेतलं होतं.

दारातून पहिले आत आले ते दगाअण्णा. काठी टेकत, ओठ हलवत. चारुशीलाच्या उंबऱ्यापाशी ते थांबले.

"एकशे अठरा," ते म्हणाले.

"काय, अण्णा?"

"पावलं. माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत. म्हाताऱ्याची. कावळ्यालाही तेवढीच." त्यांनी हातातला कुरडयांचा डबा तिला दिला. त्यांच्यामागून दारातून बायका येत होत्या, डोक्याला गजरे माळलेल्या, आणि सोसायटीतल्या मुली खिडक्यांतून बघत होत्या.

चौकशी वर्षभर चालली. ताशेरे अण्णांच्या सेवापुस्तकातून निघाले आणि चारुशीलाच्या पुस्तकात बसले. पण ती निवृत्त होण्याआधी आयुक्तांनी तिच्याकडून एक काम करून घ्यायचं ठरवलं. अकरा गावांच्या वाटा नकाशात परत घालायच्या. प्रोग्राम तोच होता. इतक्या वर्षांत सरकारनं त्याचा रंग तेवढा बदलला होता.

शेवटच्या महिन्यात अण्णा रोज तिच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसत. एका हाताला निलोफरची जाळी, दुसऱ्या हाताला अण्णांची आठवण, मधे चारुशीला. तिनं चिंचदऱ्याची पहिली वाट ओढली, खिंडीपासून नदीपर्यंत, तुटक. रेघ लाल झाली. खाली अक्षरं आली, 'त्रुटी एक. तरीही जतन करायचं?'

अण्णा चष्मा सावरून पडद्याकडे वाकले. चारुशीलानं 'हो' दाबलं आणि दुसरी वाट ओढायला घेतली.

संध्याकाळपर्यंत चिंचदऱ्याच्या त्रुटी त्रेचाळीस झाल्या होत्या आणि सगळ्या पडद्यावर लाल जाळी पसरली होती. तिनं ते गाव जतन करून बंद केलं आणि पुढचं उघडलं.